गुडघ्यात साचणारे रक्त

निरोगी गुडघ्याच्या पोकळीत जेमतेम तीन-चार मिलिलिटर द्रव असतो. चहाचा चमचाही त्याने भरणार नाही. तेवढ्या ओलाव्यावर गुडघा सत्तर-ऐंशी वर्षे काम करतो. जिने चढतो, पंगतीत मांडी घालून बसतो, विरार लोकलमध्ये तासभर उभा राहतो. तीव्र हिमोफिलिया असलेल्या मुलाच्या याच पोकळीत काही तासांत अर्धा पेला रक्त साचू शकते. त्यासाठी तो पडायलाच हवा असे नाही, कुणी ढकलायला हवे असेही नाही.

हिमोफिलियाविषयी आपल्याकडे सर्वसाधारण समज असा की बोट कापले तर रक्त थांबत नाही आणि माणूस दगावतो. प्रत्यक्षात बारीकसारीक कापण्या-खरचटण्याला प्लेटलेट्स पुरे पडतात, आणि त्या या आजारात शाबूत असतात. खरे नुकसान आत, नजरेआड होते. तीव्र हिमोफिलियातले ७० ते ८० टक्के रक्तस्राव सांध्यांमध्ये होतात आणि त्यांतले बहुतेक गुडघा, घोटा आणि कोपर या तीन ठिकाणी. आजार रक्ताचा असला तरी तो आयुष्यभर भोगायचा असतो हाडांनी आणि सांध्यांनी.

रक्त गोठवणारी प्रथिने एकामागून एक जागी होतात आणि शेवटी फायब्रिनचे घट्ट जाळे विणले जाते. यांतले आठवे प्रथिन, म्हणजे फॅक्टर ८, कमी असेल तर हिमोफिलिया ए. नववे कमी असेल तर हिमोफिलिया बी. दोन्हींची जनुके एक्स गुणसूत्रावर आहेत. मुलग्यांना एकच एक्स मिळतो, म्हणून आजार मुख्यतः त्यांना होतो. बाधित वडिलांच्या सगळ्या मुली वाहक असतात आणि मुलगे सगळे सुटतात. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला मात्र निम्मी शक्यता. तरीही सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नसतो. जनुकातला बदल तिथे नव्यानेच घडलेला असतो. त्यामुळे आईच्या माहेरी काही होते का, या चौकशीतून पुष्कळदा काहीच निष्पन्न होत नाही, आणि एखाद्या बाईला विनाकारण बोल मात्र लागतो. रक्तातला फॅक्टर सर्वसाधारण पातळीच्या १ टक्क्याहून कमी असेल तर आजार तीव्र, १ ते ५ टक्के असेल तर मध्यम आणि ५ ते ४० टक्के असेल तर सौम्य. वाहक बायकांपैकी काहींची पातळीही खाली असते. त्यांची जड पाळी आणि दुखरे सांधे कुणी या आजाराशी जोडून पाहत नाही.

हा आजार किती घरांत असेल, याचा अंदाज घ्यायला एकच उपनगर पाहू. दहिसर हे मुंबईचे उत्तरेकडचे शेवटचे टोक. पलीकडे चेकनाका आणि मग मीरा रोड. महापालिकेच्या ज्या आर-उत्तर विभागात दहिसर येते, त्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४ लाख ३१ हजारांच्या घरात होती. निरनिराळ्या देशांच्या राष्ट्रीय नोंदवह्या तपासून २०१९ साली जो अंदाज मांडला गेला, त्याप्रमाणे दर एक लाख पुरुषांमागे ए आणि बी मिळून सुमारे २१ जणांना हिमोफिलिया असतो आणि त्यांतल्या सातेक जणांना तो तीव्र असतो. हा हिशेब आर-उत्तर विभागाला लावला, तर पंचेचाळीस-पन्नास रुग्ण आणि त्यांत पंधरा-सोळा तीव्र, असा आकडा येतो. ही मोजदाद नव्हे, निव्वळ त्रैराशिक आहे. पण दहिसर नदीच्या दोन्ही काठांवरच्या चाळी, सोसायट्या आणि डोंगराकडच्या वस्त्या मिळून हा आजार असणारी काही घरे इथे असणार, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते. भारतभर नोंद झालेल्या रुग्णांची संख्या अपेक्षेपेक्षा फारच कमी आहे. यांतली कित्येक मुले ‘संधिवात’, ‘मुरगळले’, ‘हाड सरकले’ अशा नावांखाली वाढत असतात.

रक्तस्राव सांध्यातच का व्हावा? उत्तर शरीराच्या एका विलक्षण रचनेत आहे. रक्तवाहिनी फुटली की तिच्याभोवतीच्या ऊतींमधले ‘टिश्यू फॅक्टर’ नावाचे प्रथिन गोठण्याची क्रिया सुरू करते. मेंदू आणि हृदय यांसारख्या ठिकाणी, जिथे थेंबभर रक्तही घात करू शकते, तिथे ते भरपूर असते. सांध्याच्या अस्तरात आणि स्नायूंत मात्र ते फार थोडे. निरोगी माणसाला त्याने काही बिघडत नाही, कारण फॅक्टर ८ आणि ९ ती उणीव भरून काढतात. हिमोफिलियात हा दुसरा आधारच नसतो, आणि ज्या जागा मुळात त्याच्यावर विसंबून होत्या त्या आधी हार खातात. त्यात गुडघा, घोटा आणि कोपर हे बिजागरीसारखे एकाच दिशेला हलणारे सांधे. वाकडा-तिकडा ताण आला की तो सगळा त्यांच्या अस्तरावर येतो. बाळ रांगेपर्यंत बहुधा सुरळीत चालते. पायावर उभे राहून चालू लागले, की पहिले ‘ब्लीड’ होते. घरात हाच शब्द रूढ होतो. आई-वडील, आजी, शाळेतल्या बाई, सगळे ‘ब्लीड झाले’ असेच म्हणू लागतात.

ब्लीडचा पहिला तास बाहेरून दिसत नाही. मोठी मुले सांगतात की सांध्यात आधी मुंग्या आल्यासारखे, किंचित गरम आणि भरल्यासारखे वाटते. दुखत नाही, सूजही नसते. जाणत्या घरात याच क्षणी शीतपेटीतली फॅक्टरची बाटली बाहेर निघते. ते झाले नाही तर पुढच्या काही तासांत सांध्याचे आवरण ताणू लागते. मूल पाय थोडा दुमडून धरते, कारण त्या कोनात पोकळीतली जागा सर्वांत जास्त असते आणि दाब सर्वांत कमी. मग कातडी तुकतुकीत होते, हात लावला तर चटका बसावा इतकी गरम लागते, आणि गुडघ्याच्या वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे बुजतात. पाय सरळ करायला गेले की मूल किंचाळते. आतला दाब फुटलेल्या केशवाहिनीइतका वाढला की रक्त आपोआप थांबते. म्हणजे ज्या क्षणी वेदना शिगेला पोहोचलेली असते, जवळपास त्याच क्षणी रक्तस्राव संपत असतो. यानंतर दिलेल्या औषधाने नुकसान थोडेफार आवरते, पण टळत नाही.

साचलेले रक्त आठवड्या-दोन आठवड्यांत शोषले जाते, सूज उतरते, मूल पुन्हा खाली खेळायला जाते. घरच्यांना वाटते, झाले, बरे झाले. आत मात्र लोह उरलेले असते. तांबड्या पेशी फुटून सुटलेले लोह सांध्याच्या अस्तरातल्या पेशी गिळतात. त्या लोहाने अस्तर सुजते, जाड होते, त्याला झालरीसारख्या घड्या पडतात, आणि त्या घड्यांत नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटतात. या नव्या वाहिन्या पुढच्या वेळी आणखी सहज फुटतात. एकाच सांध्यात सहा महिन्यांत तीन किंवा अधिक वेळा आपोआप रक्तस्राव झाला, की डॉक्टर त्याला ‘टार्गेट जॉइंट’ म्हणतात. त्यापुढे त्या सांध्याचे दुष्टचक्र स्वतःच्या बळावर चालू लागते.

कूर्चेचे नुकसान तर याहूनही लवकर होते. हाडांच्या टोकांवरचे हे गुळगुळीत आवरण. याला स्वतःची रक्तवाहिनी नसते आणि झीज भरून काढण्याची ताकद नगण्य. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत मानवी कूर्चेचे तुकडे रक्तात ठेवून पाहिले. चार दिवसांच्या संपर्काने कूर्चेच्या पेशी मरू लागल्या आणि रक्त काढून घेतल्यानंतरही त्या सावरल्या नाहीत. पेशींत तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि रक्तातले लोह यांच्या संयोगातून जे दाहक रेणू निपजतात, ते या पेशींना आतून मारतात. एखाद-दुसऱ्या मोठ्या रक्तस्रावाचीही खूण राहू शकते ती याचमुळे.

ही गोष्ट वैद्यकाला फार मोठी किंमत देऊन कळली. १८९२ साली जर्मन शल्यविशारद फ्रान्झ क्योनिग यांनी ‘रक्तस्रावी’ रुग्णांच्या सांध्यांचे पहिले व्यवस्थित वर्णन केले आणि त्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या: आधी सांध्यात रक्त, मग दीर्घ दाह, शेवटी आखडलेला, वाकडा सांधा. त्याआधी अशा सुजलेल्या गुडघ्याला सर्रास क्षयाचा सांधा समजून शस्त्रक्रिया होत, आणि रुग्ण रक्तस्रावाने जात. क्योनिग यांनी स्वतःच असे रुग्ण गमावले होते. क्षय घरोघरी माहीत असलेल्या आपल्या राज्यात ही सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट अजून जुनी झालेली नाही. लहान मुलग्याचा एकच गुडघा पुन्हा पुन्हा सुजत असेल, तर सुई घालून पाणी काढण्याआधी रक्त गोठण्याची साधी तपासणी झालीच पाहिजे. ‘एपीटीटी’ नावाची ही तपासणी महाग नाही आणि तालुक्याच्या गावीही होते.

वाढत्या वयात हाडांवर जे घडते ते पाहून थक्क व्हायला होते. दाहामुळे सांध्याला जादा रक्तपुरवठा होतो आणि त्यावर हाडाचे टोक जोमाने वाढू लागते. मांडीच्या हाडाचे खालचे टोक रुंद होते, मधली खाच खोल जाते, गुडघ्याच्या वाटीचा खालचा गोलावा जाऊन ती चौकोनी दिसू लागते. एक पाय दुसऱ्याहून लांब होतो. मग वाढीची चकती वेळेआधी बंद होते आणि तोच पाय आखूडही राहू शकतो. सगळ्यांत त्रासाचा असतो तो वाकडेपणा. गुडघा दहा-पंधरा अंशांत अडकला, तरी माणूस टाच टेकून नीट चालू शकत नाही. मग घोटा भरपाई करतो, त्याच्यावर भार येतो, त्यात रक्तस्राव होतो, आणि एका सांध्याचे दुखणे दुसऱ्याच्या गळ्यात पडते. मांडी घालता येत नाही, उकिडवे बसता येत नाही. पूजेला पाटावर बसणे, सार्वजनिक शौचालयाची भारतीय बैठक, जेवणाची पंगत, हे सगळे हळूहळू हातातून सुटत जाते. कोपर आखडले तर घास तोंडाशी नेणे आणि केस विंचरणे अवघड होते, म्हणून पायांइतकीच काळजी कोपराची घ्यावी लागते.

याशिवाय हाडे आतून विरळ होतात. तीव्र हिमोफिलिया असलेल्या मुलांमध्ये आणि प्रौढांमध्ये हाडांची घनता समवयस्कांपेक्षा कमी आढळते, हे अनेक अभ्यासांतून समोर आले आहे. अंथरुणात काढलेले दिवस, खेळाला आलेली बंदी, ड जीवनसत्त्वाची कमतरता ही कारणे सहज पटणारी आहेत. जुन्या पिढीत दूषित रक्तघटकांतून आलेले हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांनीही हाडे पोखरली. पण फॅक्टर ८ नसलेल्या उंदरांत, एकही सांधा न सुजता, हाडे विरळ आढळली. गोठण्याच्या क्रियेत तयार होणारे थ्रॉम्बिन हाड बांधणाऱ्या पेशींनाही संदेश देत असावे, असे त्यावरून दिसते. रक्त गोठवणारी यंत्रणा आणि हाड घडवणारी यंत्रणा यांचा असा संबंध असावा, हे मला या सगळ्या विषयातले सर्वांत नवलाचे वाटते.

या विषयाची मुंबईतली राजधानी परळ. केईएम रुग्णालयाच्या आवारात, त्याच्या उंच इमारतीच्या तेराव्या मजल्यावर राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. सगळे तिला एनआयआयएच म्हणतात. १९५२ साली भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी परळमध्येच ‘बॉम्बे रक्तगट’ शोधला. त्या परंपरेतून १९५७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे रक्तगट संदर्भ केंद्र इथे उभे राहिले आणि पुढे त्याची ही संस्था झाली. योगायोग असा की हिमोफिलिया बी हा निराळा आजार आहे, हे ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी जाहीर केले तेही १९५२ मध्येच. एनआयआयएचमध्ये डॉ. कांजाक्ष घोष, डॉ. श्रीमती शेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय हिमोफिलिया कुटुंबांच्या जनुकांचा अभ्यास केला. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांत जनुकाचा एक तुकडा उलटा बसलेला असतो. तो सापडला, की त्या घरातल्या बहिणी-मावश्यांपैकी वाहक कोण हे नेमके सांगता येते आणि गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात गर्भाचीही तपासणी करता येते.

याच संस्थेने आणखी एका कोड्याचा पाठपुरावा केला. दोन मुलांचा फॅक्टर सारखाच, १ टक्क्याहून कमी. पण एकाचा गुडघा दर महिन्याला सुजतो आणि दुसरा वर्षात एक-दोनदाच तक्रार करतो. असे का? दुसऱ्या मुलाच्या रक्तात कधी कधी गोठण्याकडे झुकवणारा दुसराच एखादा जनुकीय दोष आढळतो. एक उणीव दुसऱ्या उणिवेला तोलून धरते. प्रयोगशाळेतला आकडा तोच असला, तरी सांध्याचे भवितव्य वेगळे असू शकते, आणि म्हणून उपचार आकड्यासोबत मुलाकडे पाहूनही ठरवावे लागतात.

उपचाराचे गणित साधे आहे. दर किलो वजनामागे फॅक्टर ८ चे एक युनिट दिले की रक्तातली पातळी सुमारे २ टक्क्यांनी वाढते. वीस किलोच्या मुलाच्या सांध्यात रक्तस्राव झाला आणि पातळी ४० टक्क्यांवर न्यायची असेल, तर ४०० युनिटे लागतात. बाटल्या २५० आणि ५०० युनिटांच्या; औषध वाया जाऊ नये म्हणून ५०० ची पूर्ण बाटली देतात. पांढऱ्या भुकटीत निर्जंतुक पाणी सोडायचे आणि बाटली दोन तळव्यांत धरून हलकेच गोल फिरवायची. जोरात हलवली तर फेस होतो आणि औषध वाया जाते. भुकटी पूर्ण विरघळून द्रव नितळ झाला की तो सिरिंजमध्ये ओढायचा, बटरफ्लाय सुई शिरेत घालायची आणि काही मिनिटे सावकाश ढकलायचे. सुई काढल्यावर त्या जागी पाच मिनिटे बोट दाबून धरायचे. एवढेच. पण या औषधाचा प्रभाव आठ ते बारा तासांत निम्मा होतो, आणि ते जितके उशिरा मिळेल तितके लोह सांध्यात जाते.

इथे दहिसरचे अंतर आडवे येते. महाराष्ट्र सरकारने नाशिक, सातारा, अमरावती आणि ठाणे इथल्या जिल्हा रुग्णालयांत हिमोफिलियाची डे-केअर केंद्रे सुरू केली. मुंबईत केईएम आहे. मोफत फॅक्टर मिळणे ही राज्याने केलेली मोठी गोष्ट आहे. एका बाटलीची किंमत हजारांत असते आणि तीव्र आजाराच्या मुलाला वर्षाला अशा कितीतरी लागतात. पण सुजलेल्या गुडघ्याच्या मुलाला कडेवर घेऊन दहिसर स्थानकाचा पूल चढायचा, स्लो लोकलने प्रभादेवीला उतरायचे, नाहीतर दादरला गाडी बदलून परळला, पुन्हा पूल, पुन्हा जिना, मग रुग्णालयाची रांग. घरापासून सुईपर्यंत दोन-तीन तास सहज जातात. पावसाळ्यात, उखडलेल्या पेव्हर ब्लॉकच्या गल्लीतून, त्याहून जास्त. ठाण्याला जायचे तर घोडबंदर रस्त्याची कोंडी. रात्री अकरा वाजता ब्लीड झाले तर बहुतेक घरे बर्फ लावून सकाळची वाट पाहतात, आणि कूर्चेच्या दृष्टीने तीच रात्र सर्वांत महागाची ठरते.

म्हणून मला वाटते, या आजारात फॅक्टर कुठे ठेवला आहे हा प्रश्न तो किती आहे या प्रश्नाइतकाच मोठा आहे. घरच्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर दोन बाटल्या असणे आणि आई-वडिलांपैकी एकाला शीर शोधता येणे, यातून जितके गुडघे वाचतील तितके शंभर खाटांच्या नव्या इमारतीतून वाचणार नाहीत. बोरिवली पूर्वेला महापालिकेने थॅलेसेमिया आणि मुलांच्या रक्तविकारांसाठी २०१८ पासून चालवलेले केंद्र दाखवून देते, की अशी तज्ज्ञ सेवा परळ-शीव सोडून उत्तर उपनगरांतही उभी राहू शकते. उपनगरांतल्या प्रत्येक महापालिका रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्रीसाठी काही बाटल्या असाव्यात, ही मागणी अवास्तव नाही.

याहून चांगला उपाय म्हणजे रक्तस्राव होऊच न देणे. ही कल्पना स्वीडनमध्ये माल्मो इथे डॉ. इंगा मारी निल्सन यांनी १९५८ मध्ये अमलात आणायला सुरुवात केली. ज्यांची पातळी १ ते ४ टक्के आहे त्या रुग्णांचे सांधे क्वचितच बिघडतात, हे त्यांच्या लक्षात आले. मग तीव्र रुग्णाला नियमित फॅक्टर देऊन कृत्रिमपणे ‘मध्यम’ का ठेवू नये? अमेरिकेतल्या ६५ लहान मुलांवरच्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने याची खात्री पटवली. सहाव्या वर्षी एमआरआय केला, तेव्हा दिवसाआड फॅक्टर घेणाऱ्या मुलांपैकी ९३ टक्के मुलांचे सांधे शाबूत होते. रक्तस्राव झाल्यावरच औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ५५ टक्के होते. काही मुलांच्या सांध्यांत, कधीही उघड ब्लीड झालेले नसताना, बिघाड दिसला. मूल तक्रार करत नाही म्हणजे सांधा कोरडा आहे, असे धरून चालता येत नाही. भारतातल्या डॉक्टरांनी खर्चाचा विचार करून किलोला १० युनिटे आठवड्यातून दोनदा अशी कमी मात्रा वापरून पाहिली, आणि तिनेही रक्तस्राव लक्षणीय घटले.

२०१७ नंतर चित्र आणखी बदलले. एमिसिझुमॅब हे प्रतिपिंड एका हाताने फॅक्टर ९ ला आणि दुसऱ्या हाताने फॅक्टर १० ला धरते आणि दोघांना शेजारी आणून ठेवते. शरीरात हे जुळवून आणण्याचे काम फॅक्टर ८ चे. तो नसतानाही काम होऊन जाते. औषध शिरेत द्यावे लागत नाही, कातडीखाली टोचतात, आणि त्याचा प्रभाव निम्मा व्हायला जवळपास महिना लागतो. त्यामुळे ते आठवड्याने, पंधरवड्याने किंवा चार आठवड्यांनी घेता येते. भारतात ते २०१९ पासून मिळू लागले. तीव्र हिमोफिलिया ए मध्ये सुमारे ३० टक्के रुग्णांचे शरीर दिलेल्या फॅक्टरविरुद्धच ‘इन्हिबिटर’ तयार करते आणि फॅक्टर निष्प्रभ होतो. अशांचे गुडघे पूर्वी जवळजवळ हमखास जात. त्यांना या औषधाने मोठा आधार मिळाला. हिमोफिलिया बी मध्ये मात्र ते चालत नाही. पुढची झेप जनुक उपचारांची. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. आलोक श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी हिमोफिलिया ए असलेल्या पाच रुग्णांच्या स्वतःच्या मूळपेशींत जनुक घालून त्या परत दिल्या. त्याचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

ज्यांचे बालपण फॅक्टरशिवाय गेले, त्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना या नव्या औषधांनी जुना सांधा परत मिळत नाही. त्यांच्यासाठी वेगळे मार्ग आहेत. फुगलेले अस्तर शांत करायला सांध्यात किरणोत्सारी कण टोचतात. असे कण बनवण्यावर तुर्भ्याच्या भाभा अणु संशोधन केंद्रात काम झाले आहे. स्वस्तात करायचे तर क्षयावरचे रिफॅम्पिसिन हे औषध सांध्यात टोचून अस्तर आक्रसवतात. सांधा पुरताच झिजला असेल तर कृत्रिम गुडघा बसवता येतो. पण शस्त्रक्रियेआधी पातळी ८० ते १०० टक्क्यांवर न्यावी लागते. साठ किलोच्या माणसाला पहिल्याच मात्रेत ३,००० युनिटे, आणि पुढे दोनेक आठवडे ती पातळी हळूहळू उतरवत टिकवून धरायची. ऑपरेशनची तारीख शल्यविशारदाच्या सवडीआधी फॅक्टरच्या साठ्यावर ठरते.

काही चुका मात्र पूर्णपणे टाळता येण्यासारख्या आहेत. सुजलेल्या सांध्याला हाडवैद्याकडे नेऊन ओढून घेणे किंवा तेल लावून जोरात चोळणे, याने रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. कुल्ल्यावर घेतलेले साधे इंजेक्शनही स्नायूत मोठी गाठ करू शकते. लशी बारीक सुईने कातडीखाली द्यायच्या असतात. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या प्लेटलेट्सचे कामही बिघडवतात, म्हणून दुखण्यावर पॅरासिटामॉल. उजव्या जांघेत दुखून मूल मांडी पोटाशी घेत असेल, तर ते अपेंडिक्स नसून कमरेच्या खोल स्नायूतला रक्तस्राव असू शकतो. पोट उघडण्याआधी हे ध्यानात आले पाहिजे.

आणि व्यायाम. जुन्या काळी अशा मुलांना घरात बसवून ठेवत, शाळेतून काढत, पाय प्लास्टरमध्ये घालून महिनोन्‌महिने झोपवत. आठ-दहा दिवसांच्या विश्रांतीत मांडीचा पुढचा स्नायू डोळ्यांना दिसेल इतका आटतो, आणि आटलेल्या स्नायूचा गुडघा लवकर लचकतो. आज पहिले एक-दोन दिवस फॅक्टर, बर्फ, विसावा आणि पाय उशीवर. दुखणे ओसरताच गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, मनात पाच मोजायचे, सोडायचे. सांधा हलत नाही पण स्नायू काम करतो. मग चालणे, सायकल, आणि शक्य असेल तर पोहणे, कारण पाण्यात वजन जाते आणि हालचाल राहते. कबड्डी आणि गोविंदाचे थर वर्ज्य, पण क्रिकेट सरसकट बंद करायची गरज नाही. चेंडू टेनिसचा असला की पुष्कळ भागते. ड जीवनसत्त्वाची तपासणी, दुधाचे पदार्थ, नाचणी आणि सकाळचे ऊन हे हाडांसाठी. दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने फिजिओथेरपिस्ट दोन गुडघे, दोन घोटे आणि दोन कोपरे कोनमापकाने मोजून, सूज, ताकद आणि चाल पाहून एकूण १२४ पैकी गुण देतो. इथे शून्य म्हणजे उत्तम. बोर्डाच्या परीक्षेइतक्याच आस्थेने घरच्यांनी हा आकडा जपून ठेवावा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हिमोफिलियाला २१ दिव्यांगत्वांच्या यादीत जागा दिली. ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळाले तर सरकारी आणि अनुदानित संस्थांतल्या उच्च शिक्षणात ५ टक्के आरक्षणाचा लाभ मिळतो; उपचारासाठी लांबच्या रेल्वेप्रवासात ७५ टक्के सवलतही आहे. सरकारी नोकऱ्यांच्या ४ टक्के आरक्षणात मात्र रक्तविकारांचा समावेश नाही. हिमोफिलियाच्या तरुणाला तिथे दावा करायचा, तर आपला सांधा कायमचा अधू झाल्याचे, म्हणजे अस्थिव्यंग असल्याचे, सिद्ध करावे लागते. ज्याने फॅक्टर वेळेवर घेऊन, व्यायाम करून गुडघे सरळ राखले, त्याच्यासाठी ते दार बंदच राहते. कायद्यातला हा पेच संसदेने सोडवायला हवा.